एक विस्थापित गृहिणी, नवऱ्यासकट

सुजाता गजभियेला भरता येणार नाही असा फॉर्म अजून जगात छापला गेलेला नव्हता! निदान तिचं स्वतःचं तसं ठाम मत होतं, आणि हे मत ती कुणालाही, विचारलेलं नसताना, सांगायची.

आता त्या मताला पुरावाही होता म्हणा. नागपुरात, इंदोऱ्यात ती लहानाची मोठी झाली, तेव्हा वस्तीतल्या निम्म्या पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म तिनंच भरलेले. समाजकल्याण खात्याचा सात पानी फॉर्म, त्याला जोडायचे दाखले, दाखल्यांच्या नकला, नकलांवर सही-शिक्का! बाकीचे लोक त्या फॉर्मकडे अंगणात साप निघाल्यासारखे लांबून बघायचे. सुजाता मात्र वेणी मागे टाकून त्याच्यासमोर बसायची आणि अर्ध्या तासात त्याला गार करायची. तिचे वडील राजाराम रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, फोटोखाली टेबल, आणि टेबलावर कायम कुणाचा तरी अर्धा भरलेला फॉर्म. त्या घरात ‘स्कॉलरशिप’ हा शब्द आवाज जरा खाली आणूनच उच्चारला जायचा.

तर अशी ही सुजाता १९८५ साली मिशिगनमधल्या ट्रॉय गावी राहत होती. वय सदतीस. नवरा भानुदास एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकची डिझाइनं करायचा. माणूस अतिशय शांत. इतका शांत, की तो घरी आलाय हे कधीकधी चहा संपल्यावर कळायचं. मुलगी मीरा तेरा वर्षांची. तिच्याशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि इंग्रजीत बोललं की उत्तरच द्यायची नाही.

सुजाताला एक खोड होती. कुतूहल! मीटर बघायला येणाऱ्या माणसाला तिनं एकदा अर्धा तास थांबवून मीटर कसं फिरतं, उलटं का फिरत नाही, आणि कुणी फिरवलं तर काय होईल, हे सगळं विचारून घेतलं होतं. तेव्हापासून तो माणूस मीटर बघायचा आणि कुत्रं मागे लागल्यासारखा पळायचा.

त्या वर्षीच्या वसंतात लायब्ररीच्या काउंटरवर तिला कम्युनिटी कॉलेजचं माहितीपत्रक सापडलं. ‘मेपल क्रीक कम्युनिटी कॉलेज. कोणत्याही वयात या!’ आत मेडिकल लॅब टेक्निशियनच्या कोर्सची माहिती होती आणि मायक्रोस्कोपवर वाकलेल्या एका पिकल्या केसांच्या बाईचा फोटो होता. सुजाता त्या फोटोकडे इतका वेळ बघत राहिली, की लायब्रेरियननं विचारलं, “ओळखीच्या आहेत का?”

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचं लग्न झालं होतं. पुढचं सगळं राहिलं ते राहिलंच. पण आता मीरा मोठी झाली होती, दुपार मोकळी होती. प्रश्न फक्त फीचा होता. खरं तर तोही प्रश्न नव्हता. भानुदासला सांगितलं असतं तर त्यानं पेन काढून चेक लिहिला असता. पण नवऱ्याच्या पगारावर शिकायचं म्हणजे सुजाताच्या लेखी ती हौस झाली, भरतकामाच्या क्लाससारखी. स्कॉलरशिपवर शिकायचं म्हणजे शिक्षण! तिनं बेत ठरवला. कुणाला काही सांगायचं नाही. फॉर्म भरायचा, स्कॉलरशिप मिळवायची, आणि ते पत्र एका संध्याकाळी भानुदासच्या चहाच्या कपाखाली ठेवायचं. बस्स!

कॉलेजातून तिनं मदतीच्या फॉर्मचं पाकीट आणलं. केवढं जाड! त्यात सरकारी अनुदान होतं, सरकारी कर्ज होतं, आणि वर्क-स्टडी म्हणजे कॉलेजातच काम करून फी फेडायची सोय होती. सुजाताला लहानपणीच्या मैत्रिणी भेटल्यासारखं झालं. रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर ती फॉर्म पसरायची आणि मीराची बस आली की गव्हाच्या पिठाच्या डब्यात लपवायची. सहा आठवड्यांनी सरकारचं उत्तर आलं. नवऱ्याचा पगार बघता आपण कोणत्याही मदतीला पात्र नाही.

सुजाता खुर्चीत बसली. तिनं भरलेला फॉर्म नामंजूर! आयुष्यात पहिल्यांदा!

दुसरी कुणी असती तर इथंच थांबली असती. सुजातानं पाकीट पुन्हा उलटं केलं, तेव्हा तळातून एक पिवळा कागद पडला. कॉलेजच्या स्वतःच्या छोट्या छोट्या स्कॉलरशिप. एकतीस होत्या! युद्धावरून आलेल्यांना, गायनमंडळात गाणाऱ्यांना, पोलिश आजी असलेल्यांना, बर्फावरची हॉकी खेळणाऱ्यांना. सुजाता बोट ठेवून एकेक ओळ खाली येत होती. पोलिश आजी नाही. हॉकी नाही. आणि एकोणिसाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

‘डिस्प्लेस्ड होममेकर.’

होममेकर म्हणजे गृहिणी, हे तिला माहीत होतं. डिस्प्लेस्डसाठी तिनं डिक्शनरी उघडली. ‘नेहमीच्या जागेवरून हलवलेला.’ म्हणजे विस्थापित! विस्थापित गृहिणी!

“बाप्पा!” सुजाता एकटीच मोठ्यानं म्हणाली. “हे तर मीच न!”

आणि खरंच होतं ते. लग्नानंतर नागपूरहून भिलाई. भिलाईहून अमेरिकेत ॲक्रन. ॲक्रनहून टोलेडो, टोलेडोहून फोर्ट वेन, फोर्ट वेनहून ट्रॉय. पाच वेळा! या अमेरिकेत इतक्या बायका नवऱ्यांच्या बदल्यांपायी हलतात की त्यांच्यासाठी वेगळी स्कॉलरशिप ठेवलीय, या विचारानं तिला या देशाबद्दल एकदम आदर वाटला. अर्जासोबत एक निबंध मागितला होता. ‘आपण डिस्प्लेस्ड कशा झालात ते आपल्या शब्दांत लिहा.’ सुजातानं पेन उचललं, ते चौथ्या पानावरच खाली ठेवलं.

दहा दिवसांत कॉलेजच्या महिला केंद्रातून पत्र आलं. सही मिसेस हॅनिगन यांची. ‘तुमचा निबंध वाचताना आमच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही एकट्या नाही आहात. गुरुवारी साडेतीनला आमचा गट भेटतो, जरूर या.’

“डोळ्यांत पाणी!” सुजाताचा ऊर भरून आला. “इंग्रजी चांगलं उतरलेलं दिसते.”

गुरुवारी ती गेली. खोलीत गोलाकार खुर्च्या, मधल्या टेबलावर कॉफी, आणि कॉफीशेजारी नाक पुसायच्या कागदी रुमालांचा मोठा डबा. मीटिंगला रुमाल कशाला, हे कुतूहल तिनं मनातच ठेवलं. मिसेस हॅनिगन उंच, पिकल्या केसांच्या, समोरच्याचा हात हातात घेऊन बोलणाऱ्या. दोन्ही बाजूंना बेटी आणि ग्लोरिया नावाच्या बायका.

बेटीनं सुरुवात केली. “बावीस वर्षांच्या संसारानंतर एका सकाळी तो म्हणाला, मी निघालो. डलासला.”

“आमचेही तसेच!” सुजाता म्हणाली. “दोन आठवड्यांच्या नोटिशीवर.”

बेटी तिच्याकडे बघतच राहिली. “तुला दोन आठवडे मिळाले? मला दोन मिनिटंही नाही मिळाली.”

“माझा तर सगळं फर्निचर घेऊन गेला,” ग्लोरिया म्हणाली. “ट्रक आणून!”

“ट्रक त्यांनी स्वतः ठरवला?” सुजातानं आस्थेनं विचारलं. “आमच्याकडे ट्रक कंपनी देते.”

 मिसेस हॅनिगननं सुजाताचा हात हातात घेतला. “आणि आता कुठं असतो तो, सुजाता?”

“आता? ऑफिसात.”

“नाही, राहायला कुठं असतो?”

“घरीच की. सकाळी सातला जातात, संध्याकाळी सहाला येतात.”

“परत येतो?” ग्लोरिया पुढं सरकली.

“रोज.”

“आणि तू दार उघडतेस?”

“छे, त्यांच्याकडे किल्ली आहे न.”

बेटीनं छातीवर हात ठेवला. “येऊन करतो काय?”

“चहा पितात. मग जेवतात. मग खुर्चीत झोपतात.”

“तू त्याला जेवायला घालतेस?”

“वरण, भात, पोळी, भाजी,” सुजातानं बोटं मोजली. “रविवारी मटण.”

 कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत होतं. मिसेस हॅनिगननं रुमालांचा डबा उचलून तिच्यापुढं धरला. एवढ्या प्रेमानं दिलेली वस्तू नाकारायची कशी? सुजातानं एक रुमाल घेतला आणि नुसता हातात धरणं बरं दिसत नाही म्हणून नाकाला लावला. झालं! बेटी उठून आली आणि तिच्या गळ्यात पडली.

“उद्याच्या उद्या दाराचं कुलूप बदल!” ग्लोरिया म्हणाली. “मी सांगते, ऐक माझं!”

घरी येताना सुजाता विचारात पडली. संध्याकाळी चहा देताना तिनं भानुदासला विचारलं, “अहो, ट्रॉयमध्ये चोऱ्या वाढल्या का हो?”

“नाही. काहून?”

“काही नाही. कुलूप बदलायचं म्हणते मी.”

“बदल न,” भानुदास म्हणाला, आणि वर्तमानपत्रामागं गेला. पण त्या दिवशी त्यानं वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलं नाही. त्याच्याही खिशात एक पत्र होतं आणि ते कसं काढावं हे त्याला कळत नव्हतं. ते सुजाताला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढचा गुरुवार उजाडला तो भानुदासच्या सर्दीनं. नाक लाल, डोळे लाल, डोक्याला मफलर. त्यानं ऑफिसला सुट्टी टाकली. सुजातानं लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं, पर्स घेतली, गाडीत बसली, किल्ली फिरवली. गाडी नुसती खोकली. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकली. दुसऱ्या बाईनं मेकॅनिकला फोन केला असता. सुजाताला मात्र प्रश्न पडला, की हा आवाज नेमका येतो कुठून? ती गॅरेजमध्ये जुनी चटई अंथरून टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. खाली केवढं जग होतं! नळ्या, तारा, पेटी, तिच्यावर बाण काढलेले! मीटिंगचं ती विसरूनच गेली.

पावणेचारला घरात फोन वाजला. भानुदासनं उचलला.

“सुजाताशी बोलता येईल का?” एका बाईनं विचारलं.

“सुजाता येऊ शकत नाही,” भानुदास बसलेल्या, घोगऱ्या आवाजात म्हणाला. “ती गाडीखाली आहे.”

“क... काय?”

“गाडीखाली! पाऊण तास झाला. हाका मारल्या, उत्तर देत नाही...” आणि एवढं बोलतोय तोच त्याला अशी शिंक आली, की फोन हातातून सुटला, जमिनीवर आपटला आणि बंद पडला.

पंधराव्या मिनिटाला एक लांबलचक गाडी करकचून ब्रेक लावत गजभियांच्या दारात थांबली. आतून मिसेस हॅनिगन उतरल्या, झाकलेलं जेवणाचं भांडं घेऊन ग्लोरिया उतरली, आणि सगळ्यांत शेवटी बेटी उतरली. तिच्या हातात तिच्या मुलाची बेसबॉलची बॅट होती.

उघड्या गॅरेजमध्ये गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. चपला घातलेले, हलत नसलेले.

बेटीनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून सुजाता दचकून उठायला गेली आणि तिचं डोकं गाडीच्या बुडाला आपटलं. “आई गं!”

“जिवंत आहे!” ग्लोरिया ओरडली.

तोंडाला काळं ऑइल, कपाळाला टेंगूळ, हातात टॉर्च, अशी सुजाता सरपटत बाहेर आली. त्याच वेळी आतल्या दारातून मफलर गुंडाळलेला, लाल डोळ्यांचा भानुदास बाहेर आला. बेटीनं बॅट उचलली.

“तिथंच थांब! तिच्यापासून लांब हो!”

भानुदासनं दोन्ही हात वर केले. त्यानं आयुष्यात कुणाला ‘बाजूला हो’ असंही म्हटलेलं नव्हतं. “सुजाता,” तो हळूच म्हणाला, “कोण आहेत ह्या? काय पाहिजे ह्यांना?”

“अहो, माझ्या ओळखीच्या आहेत! बेटी, ते खाली ठेव. हे माझे मिस्टर!”

“तेच म्हणतेय मी!” बेटी म्हणाली. तिनं बॅट खाली ठेवली नाही.

आणि या मुहूर्तावर, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या पद्मिनीवहिनी विरजण मागायला वाटी घेऊन फाटकातून आत आल्या. पद्मिनीवहिनी मूळच्या पुण्याच्या. मराठी मंडळातली कुठलीही बातमी मंडळाच्या पत्रकाआधी चार दिवस त्यांच्याकडे असायची. त्यांनी एकदा वर केलेल्या हातांकडे बघितलं, एकदा बॅटकडे बघितलं, आणि वाटी पोटाशी धरून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हलल्या नाहीत.

शेवटी सगळे आत, दिवाणखान्यात आले. मिसेस हॅनिगननं पर्समधून चार पानं काढली आणि भानुदासच्या हातात ठेवली. “मिस्टर गजभिये, या बाईनं काय सोसलंय ते तिच्याच शब्दांत वाचा.”

भानुदासनं चष्मा लावला. तो मोठ्यानं वाचू लागला, कारण सर्दीमुळं त्याला तोंड उघडं ठेवावंच लागत होतं.

“‘माझ्या नवऱ्यानं मला पाच वेळा विस्थापित केलं. पहिल्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते. दर वेळी मला फक्त दोन आठवडे मिळाले. तिसऱ्या वेळी मला सातवा महिना होता, जानेवारी होता आणि बर्फ पडत होता. सगळी भांडी मी एकटीनं बांधली. मी कधी तक्रार केली नाही. ते स्वभावानं चांगले आहेत, त्यांना दुसरा इलाज नसतो.’”

“बघितलंत?” बेटी म्हणाली. “‘स्वभावानं चांगले’ म्हणते! आम्ही सगळ्याच असं म्हणायचो!”

भानुदास पुढं वाचत होता. त्याचा आवाज कमी कमी होत गेला.

“‘नागपूरच्या कॉलेजात आम्ही मायक्रोस्कोपखाली कांद्याचा पापुद्रा बघितला. पुढच्या आठवड्यात प्रत्येकीला स्वतःच्या रक्ताचा थेंब बघायचा होता. त्या आठवड्यात माझं लग्न झालं. त्याला आता अठरा वर्षं झाली. रक्त माझ्याजवळच आहे. फक्त बघायचं राहिलं.’”

त्यानं पानं टेबलावर ठेवली. चष्मा काढला. मग मराठीत म्हणाला, “खरं आहे. एकेक अक्षर खरं आहे.” आणि खिसा चाचपत, “पण तुला साउथ कॅरोलायनाचं सांगितलं कोणी?”

“कोणतं साउथ कॅरोलायना?” सुजातानं विचारलं.

 भानुदासच्या लक्षात आलं, की तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. आत्ता त्यानंच सांगितलं होतं! खिशातलं पत्र त्यानं मुकाट्यानं काढून टेबलावर ठेवलं. कंपनी तिकडं नवा कारखाना काढत होती. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं.

“किती दिवसांनी?” सुजाता म्हणाली.

“दोन आठवडे.”

एवढ्यात शाळेतून आलेली मीरा दारात उभी राहिली. “व्हॉट्स गोइंग ऑन?” म्हणत तिनं सगळ्यांच्या मधून हात घालून ती चार पानं उचलली आणि वरचं स्कॉलरशिपचं नाव वाचून मटकन खाली बसली. हसून हसून तिला बोलता येईना. “आई! ओ माय गॉड, आई! डिस्प्लेस्ड होममेकर म्हणजे मूव्ह झालेली नाही! इट मीन्स डॅड लेफ्ट यू! ऑर डॅड इज डेड!”

सगळ्यांनी भानुदासकडे बघितलं. तो शिंकला.

सुजाताच्या तोंडावर ऑइल होतं म्हणून बरं. ते नसतं तर तिचा चेहरा किती लाल झालाय ते दिसलं असतं. इंदोऱ्याच्या निम्म्या वस्तीचे फॉर्म भरणारी सुजाता! अख्ख्या कॉलेजाला लिहून दिलं, की मला नवऱ्यानं टाकलं! मिसेस हॅनिगन तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. हसू येतंय की रडू, ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. बेटीनं बॅट हळूच सोफ्यामागं सरकवली.

पण सुजाताचं लक्ष टेबलावरच्या पत्राकडं होतं.

“अहो,” ती म्हणाली, “फॉर्म माझा चुकला. ते राहू द्या. पण ह्या वेळी मी नाही येत.”

“म्हणजे?”

“तुम्ही जा. मी आणि मीरा इथंच राहतो. भांडी मी बांधणार नाही.” तिचा आवाज तिला स्वतःलाच नवीन होता.  “हलून हलून थकले मी.”

तिचं मराठी त्या तिघींना कळलं नसावं, पण आवाज कळला. ग्लोरिया तिच्या बाजूला येऊन उभी राहिली.  भानुदास स्वयंपाकघरात गेला, आणि आतून भांड्यांचे आवाज येऊ लागले. बऱ्याच वेळानं तो ट्रे घेऊन आला. सहा बायकांसाठी सहा कप चहा! सुजाताला आठवत होतं तिथपर्यंत या माणसानं चहा फक्त प्यायला होता. साखर जास्त होती, आलं साल न काढताच टाकलेलं होतं. कप देताना तो एवढंच म्हणाला, “उद्या सांगतो साहेबाला. नाही म्हणून.”

“नोकरीचं काही झालं तर?”

“पाहू,” भानुदास म्हणाला. “झालं तर मग तू खरीच पात्र होशील न.”

बेटीनं मीराला त्याचं भाषांतर विचारलं, आणि ऐकून तिनं भानुदासला पहिल्यांदा बसायला परवानगी दिली. पद्मिनीवहिनी विरजण न घेताच निघाल्या. त्यांना घाई होती. फोन करायचे होते.

दुसऱ्या दिवशी भानुदास नवा टाय लावून साहेबाच्या केबिनमध्ये गेला. रात्रभर इंग्रजीत जुळवलेली वाक्यं त्यानं छाती काढून म्हटली. कुटुंब आधी, नोकरी नंतर, वाट्टेल ती किंमत मोजीन! साहेब सँडविच खाता खाता म्हणाला, “अरे, बरं झालं! तुझ्याआधी तिघांनी नाही म्हटलं म्हणून तुला विचारलं होतं. पाचव्याला विचारतो आता.” अठरा वर्षं ज्या माणसानं दोन आठवड्यांत संसार गुंडाळला, त्याला नाही म्हणायला दीड मिनिट लागलं होतं. भानुदास संध्याकाळी हे सांगताना स्वतःच खजील झाला. “पाचही वेळा नुसतं विचारतच होते का काय गं ते?” तो म्हणाला.

सुजातानं कॉलेजात जाऊन माफी मागितली. मिसेस हॅनिगननं नेहमीप्रमाणं हात हातात घेतला. “नियमानं मला तुझा अर्ज परत करावा लागेल. तुझा नवरा फारच जागेवर आहे.” मग त्यांनी खणातून एक निळा कागद काढला. “पण हे बघ. सरकारचा नवा निधी आलाय. पुरुषांची कामं शिकणाऱ्या बायकांसाठी. पगाराची अट नाही, निबंध नाही. एकीनंही अजून अर्ज केला नाही. पण ह्यात मेडिकल लॅब बसत नाही.”

“मग काय बसतं?”

“वेल्डिंग.”

दुसरी कुणी असती तर हसून घरी गेली असती. सुजाता खुर्ची पुढं ओढून बसली. “दोन लोखंडं वितळून एक होतात, की मधे तिसरंच काही घालतात?” तिनं विचारलं. मिसेस हॅनिगनला सांगता येईना. तेव्हा सुजातानं फॉर्म मागून घेतला. या वेळी मात्र तो आधी मीराकडून वाचून घेतला.

मेडिकल लॅबच्या कोर्सचे पैसे भानुदासनं भरले. सुजाता तोंड उघडणार एवढ्यात तोच म्हणाला, “हौस नाही. विस्थापितांचं पुनर्वसन करावं लागते. सरकारचा नियम आहे.”

जानेवारीत क्लास सुरू झाले. वेल्डिंगचा वर्ग शनिवारी असायचा. अठरा पोरं आणि सुजाता. पहिल्या दिवशी ती पोरं बिचकून होती, तिसऱ्या शनिवारी ती तिच्या डब्यातल्या पोळीभाजीच्या आजूबाजूला दिसायला लागली. नेमका त्याच शनिवारी मराठी मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम आला. शाळेचं सभागृह, स्पीकरवर कर्कश गाणी, दोनशे माणसं एकाच वेळी बोलताहेत. भानुदास मीराला घेऊन एकटाच आला, हे सगळ्यांनी पाहिलं. त्या बॅटच्या दिवसापासून लोक पाहतच होते.

पद्मिनीवहिनींनी त्याला गाठलं. “भाऊजी, सुजाता नाही आली?”

“नाही!” भानुदास स्पीकरच्या वरताण ओरडला. “आज तिचं वेल्डिंग आहे! कॉलेजात!”

“वेडिंग? आज?” पद्मिनीवहिनींच्या हातातला तिळगूळ गळून पडला. “आणि तुम्ही... तुम्ही इथं?”

“मी काय करू तिथं? पोरं आहेत न मदतीला! फार खूश आहे ती!”

पद्मिनीवहिनींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्पीकरच्या आवाजानं आलं असेल, असं भानुदासला वाटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी त्या दारात हजर! हातात रंगीत कागदात गुंडाळलेला, वर फीत बांधलेला टोस्टर. आत येऊन त्यांनी भानुदाससमोर बसत आवाज खाली आणला. “भाऊजी, तुमचं मन किती मोठं आहे हो! आमच्याकडे कुणाला झोप नाही रात्रभर. मी म्हटलं, आपण भेट तरी द्यावी. तिला कुठं पाठवू ही? तिकडच्या घरी?”

“कोणत्या घरी?” भानुदासला कळेना. “ती इथंच आहे की. गॅरेजमध्ये.”

तेवढ्यात गॅरेजचं दार उघडून सुजाता आत आली. घरचा अभ्यास चालला होता तिचा. हातात कोपरापर्यंत मोजे, आणि डोक्यावरून हनुवटीपर्यंत आलेला वेल्डिंगचा मुखवटा. त्याच्यातून बघायच्या काळ्या काचेमागं ती काहीच ओळखू येत नव्हती.

पद्मिनीवहिनी टोस्टर घेऊन उठून उभ्या राहिल्या. त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं. मग भानुदासकडे वळून, समजूतदारपणे मान हलवत म्हणाल्या,

“म्हणजे गोऱ्यांच्या पद्धतीनं झालं होय! तरीच! त्यांच्यात नवरीचं तोंड झाकतातच!”